अ‍ॅम्ब्युलन्सचं ऑडिट संगणक करेल. पण नेमकं कशाचं?

माझ्याकडे गेली बारा वर्षं मधुमेहासाठी येणाऱ्या एक काकू आहेत. वय ५६. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या पोटाच्या वरच्या भागात जळजळ सुरू झाली, मळमळायला लागलं, दरदरून घाम आला. घरातल्या सगळ्यांचं निदान एकच होतं: दुपारच्या जेवणाचं पित्त. थंड दूध झालं, पित्ताची गोळी झाली. घाम काही थांबेना, तेव्हा मुलानं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

गाडी १३ मिनिटांत दारात आली. आमच्या भागातले रस्ते पाहता हे कौतुकाचंच. गाडीतल्या माणसानं विचारलं, "काय होतंय?" मुलगा म्हणाला, "अ‍ॅसिडिटी झालीय बहुतेक." केस पेपरवर 'मुख्य तक्रार' या रकान्यात तेच उतरलं. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन लिहिला गेला. ईसीजीचं मशीन गाडीतच होतं, पण ईसीजी काढला नाही. पित्ताला ईसीजी कोण काढतं? काकूंना जवळच्या एका दवाखान्यात सोडलं. तिथं पित्ताचं इंजेक्शन मिळालं. पहिला ईसीजी निघाला तो जवळजवळ चार तासांनी, आणि त्यात हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसत होता.

काकू वाचल्या. पण हृदयाचा स्नायू कायमचा कमजोर झाला. एका दमात तीन मजले चढणाऱ्या काकू आता पहिल्या मजल्यावर पायरीवर बसतात.

ही गोष्ट आज सांगायचं कारण वेगळं आहे. त्यानंतर काही महिन्यांनी मला एका बैठकीचं बोलावणं आलं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या कामाचा दर्जा तपासणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं, त्याचं प्रात्यक्षिक होतं. मोठ्या पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके. "सर, आता शंभर टक्के केसेसचं ऑडिट आपोआप होतं," असं सांगितलं गेलं. टाळ्या झाल्या. मी त्यांना काकूंच्या रविवारची केस उघडायला सांगितली.

गुण: १०० पैकी ९६. रंग: हिरवा. चार गुण कापले होते, कारण नातेवाइकाची सही नव्हती.

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. माझ्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी संगणकावर आहेत आणि त्याशिवाय माझं एक दिवस चालत नाही. माझा विरोध आहे तो त्या हिरव्या ठिपक्याला. त्या ठिपक्यानं एका बाईचं हृदय गेलेलं झाकलं आणि वर शाबासकी दिली. आज आपल्याकडे अशी साधनं येत आहेत आणि येणारच आहेत. ती नेमकं काय मोजतात हे तुम्ही, म्हणजे त्या गाडीत कधी ना कधी आडवं पडणाऱ्यांनी, समजून घेतलं पाहिजे.

ऑडिट म्हणजे काय?

ऑडिट म्हटलं की आपल्याला पैशांचा हिशेब आठवतो. वैद्यकातलं ऑडिट हाही हिशेबच, पण उपचारांचा. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या १० मिनिटांत काढायचा, असं शास्त्र सांगतं. मग गेल्या महिन्यात असे किती रुग्ण आले, त्यातल्या किती जणांचा ईसीजी वेळेत निघाला, उरलेल्यांचा का नाही निघाला, हे पाहायचं. कारण सापडलं की दुरुस्ती करायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. या फेऱ्यातली शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. दुरुस्तीच झाली नाही, तर ते ऑडिट नव्हे, नुसती आकडेमोड.

अ‍ॅम्ब्युलन्सला हे लागू करणं फार गरजेचं आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक होत्या. गाडीत डॉक्टर आणि पायलट (चालकाला तिथं हाच शब्द आहे) अशी जोडी असते. अपघात, बाळंतपण, सर्पदंश, हार्ट अटॅक, विषबाधा अशा सगळ्या प्रसंगांत लाखो लोकांना या सेवेनं उचलून नेलं आहे. त्याशिवाय पालिकांच्या, ट्रस्टच्या, खासगी रुग्णालयांच्या गाड्या वेगळ्याच. या सगळ्या गाड्यांच्या बंद दारांआड रुग्णाचं काय होतं, हे बाहेर कुणालाच दिसत नाही. रुग्णालयात निदान वॉर्डाची राउंड असते, सिस्टर असतात, वरिष्ठ असतात. गाडीत दोन माणसं आणि एक रुग्ण. म्हणूनच तिथं ऑडिट जास्त हवं.

जुन्या पद्धतीत एखादा वरिष्ठ डॉक्टर महिन्याच्या गठ्ठ्यातून मूठभर केस पेपर काढून वाचतो. समजा महिन्याला ३,००० केसेस झाल्या आणि त्यानं १०० वाचल्या, तर २,९०० पेपर कुणी उघडूनही पाहिले नाहीत. अक्षर लागत नाही, वेळा जुळत नाहीत, आणि वाचणारा दमला की शेवटचे वीस पेपर पहिल्या वीसइतके नीट वाचले जात नाहीत. मी स्वतः असे गठ्ठे वाचले आहेत, म्हणून सांगतो.

सॉफ्टवेअरला काय छान जमतं?

त्याच्या बाजूनं जे आहे ते प्रामाणिकपणे मांडतो.

ते थकत नाही. ३,००० च्या ३,००० केसेस तपासतं. फोन कधी आला, गाडी कधी सुटली, घरी कधी पोचली, तिथून कधी निघाली, रुग्णालयात कधी आली, रुग्ण ताब्यात कधी दिला, या सगळ्या वेळा ते जीपीएसशी ताडून पाहतं. बेशुद्ध रुग्णाची रक्तातली साखर तपासली का, हे ते क्षणात सांगतं. साखर उतरल्यानं बेशुद्ध झालेला माणूस ग्लुकोज मिळालं की काही मिनिटांत उठून बसू शकतो. ती साखर मोजायची राहून गेली, तर केवढं नुकसान!

खोटेपणाही त्याला चांगला पकडता येतो. माणसाचा रक्तदाब ११८ असतो, १३४ असतो, १२६ असतो. एखाद्या गाडीच्या महिनाभराच्या सगळ्या केसेसमध्ये १२०/८०, नाडी ८० आणि ऑक्सिजन ९८ असंच लिहिलेलं असेल, तर ते मोजलेलं नाही, मनानं भरलेलं आहे. माणूस एकेक पेपर वाचतो, त्याला हे कळत नाही. संगणक हजार पेपर शेजारी शेजारी ठेवतो, त्याला कळतं.

हे सगळं हवंच आहे. "यंत्राला माणसाचं दुःख काय कळणार" असल्या भावनिक कारणानं याला नाही म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मूठभर पेपर वाचून समाधान मानणाऱ्या जुन्या पद्धतीला रुग्णाचं दुःख फार कळत होतं, असंही नाही.

मग काकूंच्या केसला हिरवा रंग कसा मिळाला?

कारण सॉफ्टवेअरला शिकवलेला नियम असा होता: तक्रार 'छातीत दुखणं' असेल तर ईसीजी काढला का ते पाहा. काकूंच्या केसमध्ये तक्रार होती 'अ‍ॅसिडिटी'. म्हणजे तो नियम लागूच झाला नाही. संगणकानं आपलं काम चोख केलं. त्याला प्रश्नच चुकीच्या जागी विचारायला शिकवलं होतं.

हा मुद्दा नीट समजावून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. समजा एका जिल्ह्यात हार्ट अटॅकच्या १०० रुग्णांना अ‍ॅम्ब्युलन्सनं आणलं. त्यातल्या ७० जणांची तक्रार 'छातीत दुखणं' अशी नोंदली गेली. उरलेले ३० जण 'पित्त', 'अशक्तपणा', 'चक्कर', 'दम लागणं' या नावांखाली गेले आणि त्यांचा ईसीजी निघाला नाही. सत्तरपैकी ६३ जणांचा निघाला. सॉफ्टवेअर सांगणार, ६३ भागिले ७०, म्हणजे ९० टक्के काम उत्तम. खरं उत्तर आहे ६३ टक्के. ज्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक झाली, ते ३० जण हिशेबातूनच बाहेर पडले. चूक जितकी मोठी, तितकी ती या ऑडिटला कमी दिसते.

आणि हे ३० जण कोण असतात? मधुमेही, म्हातारी माणसं आणि बायका. त्यांच्यात हार्ट अटॅक अनेकदा छातीत कळ न येता येतो. पोटात जळजळ, जबडा किंवा पाठ दुखणं, घाम, धाप, नुसतं 'कसंतरी होतंय' एवढंच. ज्या देशात मधुमेह घरोघरी आहे, तिथं छातीत दुखण्याची तक्रार हाच नियम धरून बसणं म्हणजे आपले सगळ्यात नाजूक रुग्ण वगळून हिशेब करणं.

भाषेचंही असंच. काही नवी साधनं केस पेपरवरचा मोकळा मजकूर वाचून अर्थ लावतात. उत्तम. पण आपला रुग्ण काय म्हणतो? "छाती भरून आलीय." "जीव घाबराघुबरा होतोय." "काळजात धस्स होतंय." "बरगडीत चमक मारतेय." इंग्रजी नोंदींवर तयार झालेल्या साधनाला यातलं किती कळेल? म्हणून ते विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: हे आमच्या जिल्ह्यातल्या, आमच्या बोलीतल्या केसेसवर तपासून पाहिलंय का?

याहून मोठा आंधळा कोपरा आहे न आलेल्या गाडीचा. फोन केला, गाडी मोकळी नव्हती, तासभर लागेल असं कळलं, म्हणून घरच्यांनी शेजाऱ्याची जीप काढली. ही केस संगणकात 'कॉल रद्द' म्हणून बंद होते. वाडीवरून झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणलेली बाळंतीण, रिक्षात मांडीवर डोकं ठेवून नेलेले आजोबा, यांचा केस पेपरच बनत नाही. ज्या रुग्णांपर्यंत सेवा पोचली नाही, ते सेवेच्या दर्जाच्या तक्त्यात कधीच येत नाहीत. उलट असे कॉल रद्द झाले की उरलेल्यांची सरासरी वेळ आणखी छान दिसते!

मिनिटांचा मोह

अ‍ॅम्ब्युलन्सच्या दर्जाबद्दल बोलताना सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो: गाडी किती मिनिटांत आली? तो मोजायला सोपा, कंत्राटात लिहायला सोपा, बातमीत छापायला सोपा.

या मोहाचं काय होतं, ते इंग्लंडनं अनुभवलं आहे. तिथं बरीच वर्षं नियम होता की जीवघेण्या वाटणाऱ्या कॉलपैकी ७५ टक्के ठिकाणी ८ मिनिटांत पोचायचं. आठ मिनिटं या आकड्यामागे अमेरिकेतल्या सिएटल परिसरातलं संशोधन होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला ४ मिनिटांत छातीदाब आणि ८ मिनिटांत प्रगत उपचार मिळाले, तर वाचण्याची शक्यता जास्त, असं १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे आकडा होता हृदय बंद पडलेल्यांसाठी. तो लावला गेला कितीतरी वेगवेगळ्या आजारांना.

पुढं काय झालं? या शतकाच्या सुरुवातीला काही सेवांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आलेखात बरोबर आठव्या मिनिटाच्या आत एक उंच सुळका दिसला आणि आठ मिनिटं उलटताच तो धाडकन खाली आला. खऱ्या रस्त्यावरच्या खऱ्या गाड्या अशा धावत नाहीत. काही ठिकाणी वेळा 'दुरुस्त' केल्या गेल्या होत्या. शिवाय घड्याळ थांबवण्यासाठी आधी मोटारसायकल किंवा छोटी गाडी पाठवायची, आणि रुग्णाला नेणारी खरी अ‍ॅम्ब्युलन्स मागाहून, हेही होऊ लागलं. या नियमात ७ मिनिटं ५९ सेकंदांत गाडी येऊन रुग्ण दगावला तर यश, आणि ८ मिनिटं १ सेकंदात येऊन वाचला तर अपयश!

इंग्लंडनं त्यातून धडा घेतला. २०११ पासून तिथं अ‍ॅम्ब्युलन्स सेवांचे वैद्यकीय निकषही जाहीर होऊ लागले: हृदय बंद पडलेल्यांपैकी किती जणांचं पुन्हा सुरू झालं, किती जण जगून घरी गेले, हार्ट अटॅकच्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांना ठरलेले सगळे उपचार मिळाले का. २०१७ साली वेळेचे नियमही बदलले. सगळ्यांना एकच आठ मिनिटं लावण्याऐवजी गांभीर्यानुसार वर्ग केले आणि त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या.

वेळ महत्त्वाची नाही असं मी अजिबात म्हणत नाही. हृदय बंद पडल्यावर छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. पण या वेळा रुग्णाच्या आजाराच्या आहेत, गाडीच्या नाहीत. काकूंच्या बाबतीत गाडीला १३ मिनिटं लागली आणि ईसीजीला चार तास. यातली कुठली वेळ मोजायला हवी होती?

भीतीनं भरलेले रकाने

आता एक अप्रिय गोष्ट. असं सॉफ्टवेअर विकत घेताना व्यवस्थापनाला सगळ्यात आवडणारी सोय कुठली असते? 'कर्मचाऱ्यानुसार गुण'. कमी गुण, मेमो. आणखी कमी गुण, पगारकपात.

गाडीतले डॉक्टर आणि पायलट बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, लांबलचक ड्यूट्या करतात. रात्री तीनला घाटातल्या अपघातात दोन जखमी, एक रडणारं मूल आणि हातात एक टॅब. टॅबवर चाळीस रकाने. एक जरी रिकामा राहिला तरी गुण जाणार. तो माणूस काय करेल? रुग्णाला जागेवर सोडून रकाने भरेल, किंवा नंतर गाडी धुताना मनानं भरेल. म्हणजे आपण त्याला शिकवलं काय? रुग्ण सांभाळला नाही तरी चालेल, पण रकाना मोकळा सोडू नकोस.

ज्या नोंदीची शिक्षा होते, ती नोंद खरी राहत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं, त्याचा साधा अर्थ हाच होता की एखाद्या मापाला लक्ष्य बनवलं की ते चांगलं माप उरत नाही. आपल्या आजीला हे अर्थशास्त्राशिवाय कळत होतं. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या पोराला ती ओळखून असायची.

याउलट उदाहरण सिएटलचं. तिथं १९७० पासून 'मेडिक वन' ही सेवा आहे. हृदय बंद पडलेल्या रुग्णावर उपचार झाले की डिफिब्रिलेटरमधली नोंद काढून तपासली जाते. छातीदाब मिनिटाला किती दिले, मध्ये किती सेकंद हात थांबला, झटका कधी दिला, हे यंत्रानं स्वतः टिपलेलं असतं, कुणी आठवून लिहिलेलं नसतं. मग ते त्या चमूला दाखवतात: इथं वीस सेकंद थांबलात, पुढच्या वेळी असं करा. संगणक तिथंही आहे. पण तो शिकवणाऱ्याच्या हातात आहे, पगार कापणाऱ्याच्या नाही. हृदय बंद पडल्यावर रुग्ण वाचण्याच्या बाबतीत तो भाग जगात पुढं गणला जातो, त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

मग हवं तरी काय?

माझ्या मागण्या पाच आहेत. अवघड एकही नाही.

१. ऑडिट उलट्या दिशेनं करा. केस पेपरवरच्या तक्रारीपासून सुरुवात करू नका. रुग्णालयातल्या अंतिम निदानापासून करा. या महिन्यात हार्ट अटॅक, पक्षाघात, डोक्याला मार, सर्पदंश या निदानांचे जे रुग्ण अ‍ॅम्ब्युलन्सनं आले, त्यांची यादी घ्या आणि मागं जाऊन गाडीत काय झालं ते पाहा. काकूंची केस या पद्धतीत पहिल्याच दिवशी लाल झाली असती. दोन्हीकडच्या नोंदी जोडण्यासाठी आता मार्गही आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी आभा क्रमांक मिळतो, तो याच कामासाठी आहे. त्यासोबत रुग्णाची माहिती सांभाळण्याची जबाबदारीही येते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात थांबत नाही.

२. यंत्राचं यंत्राला सांगू द्या. रक्तदाब, ऑक्सिजन, ईसीजी, जीपीएस यांचे आकडे थेट नोंदीत जाऊ द्या. माणसानं टाइप करायचं ते फक्त जे माणूसच पाहू शकतो तेवढं. चाळीस रकान्यांचे दहा करा.

३. हिरव्या केसेसही माणसानं वाचा. लाल केसेस सगळेच वाचतात. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून दहा हिरव्या केसेस काढा आणि अनुभवी डॉक्टरांनी त्या रुग्णालयाच्या कागदांसह वाचाव्यात. सॉफ्टवेअर कुठं आंधळं आहे हे फक्त असंच कळतं. ऑडिट करणाऱ्याचं ऑडिट नको का?

४. गुण शिकण्यासाठी वापरा. गाडी नादुरुस्त, ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं, मशीनची बॅटरी बंद, या गोष्टींचा दंड चालवणाऱ्या संस्थेला जरूर करा. पण प्रामाणिकपणे 'ईसीजी काढता आला नाही, हे कारण' असं लिहिणाऱ्या डॉक्टरला शिक्षा कराल, तर पुढच्या वेळी तो कारण लिहिणार नाही.

५. आकडे लोकांना दाखवा. दरवर्षी, जिल्हावार: किती कॉल आले, किती ठिकाणी गाडी देता आली नाही, हार्ट अटॅकच्या किती रुग्णांचा ईसीजी गाडीत निघाला, किती जण जगले. पैसा तुमचा, जीव तुमचा, मग हिशेब बंद खोलीतल्या पडद्यावर का?

"एवढं करायला माणसं कुठून आणणार?" हे उत्तर मला त्या बैठकीतही मिळालं. माझं म्हणणं असं की संगणकानं ३,००० पेपर चाळण्याचं काम अंगावर घेतलं, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरचा जो वेळ वाचला, तोच इथं लावा. सॉफ्टवेअर आलं म्हणून तपासणारा डॉक्टरच काढून टाकायचा असेल, तर ती बचत दर्जासाठी नाही, पैशांसाठी आहे. मग तसं स्पष्ट म्हणा.

तुम्ही काय करू शकता?

- फोन करताना आणि गाडी आल्यावर निदान सांगू नका, लक्षणं सांगा. "अ‍ॅसिडिटी झालीय" याऐवजी "पोटाच्या वरच्या भागात जळजळ आहे, घाम आलाय, सव्वासातला सुरू झालं, मधुमेह आहे" असं सांगा. तुमचा एक शब्द रकान्यात उतरतो आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात.
- चाळिशीच्या पुढच्या किंवा मधुमेही माणसाला अचानक घाम, धाप, छाती-पोट-जबडा-हात यांत त्रास असेल, तर "ईसीजी काढता का?" असं विचारा. नम्रपणे, पण विचारा.
- पक्षाघाताची शंका असेल (तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं), तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ सांगा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरा.
- गाडीतल्या नोंदीची प्रत मागा आणि फाइलला लावा.
- गाडी मिळाली नाही, तर तारीख आणि वेळ लिहून लेखी तक्रार करा. तुमची न आलेली गाडी हिशेबात आणायचा तोच एक मार्ग आहे.
- आणि गाडीतल्या माणसांशी नीट वागा. रस्त्यातल्या गर्दीला ती जबाबदार नाहीत.

त्या बैठकीच्या शेवटी मी एवढंच म्हणालो की या केसचा रंग बदला. तरुण अभियंता होता, चांगला मुलगा. तो म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही. केस क्लोज झालीय."

काकू परवाच येऊन गेल्या. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बाकावर बसल्या, मग आत आल्या. त्यांची केस अजून क्लोज झालेली नाही.